अर्स्किन चिल्डर्स : हेरकथेच्या जनकावर आलेला हेरगिरीचा आळ

इंग्रजी हेरकथेचा इतिहास सांगताना बहुतेक अभ्यासक १९०३ या सालापाशी हमखास थांबतात. त्या वर्षीच्या मे महिन्यात लंडनच्या स्मिथ, एल्डर या प्रकाशनसंस्थेने 'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी प्रसिद्ध केली. लेखक होता ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाच्या कचेरीत नोकरी करणारा ३२ वर्षांचा रॉबर्ट अर्स्किन चिल्डर्स. पुढे त्याने युद्धाचा इतिहास लिहिला, लष्करी डावपेचांवर पुस्तके लिहिली, राजकीय पत्रके तर ढिगाने लिहिली. कादंबरी मात्र पुन्हा लिहिली नाही. त्या एकाच पुस्तकाने हेरकथेचा पाया घातला : खरा भूगोल, खरे तंत्र आणि सरकारी पगारावर नसलेला एक साधा माणूस, ज्याच्या हाती योगायोगाने शत्रूचे गुपित लागते. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २४ नोव्हेंबर १९२२ रोजी, नव्याने जन्मलेल्या आयरिश राज्याच्या सैनिकांनी डब्लिनच्या बेगर्स बुश बराकीत त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा डब्लिनच्या सत्ताधाऱ्यांपैकी अनेकांना तो इंग्रजांचा हस्तक वाटत होता, आणि लंडनमधल्या त्याच्या जुन्या वर्तुळाला तो मायदेशाशी बेइमान झालेला इंग्रज वाटत होता.

चिल्डर्सचे आयुष्य सांगताना त्याचे दोन तुकडे करण्याची रीत आहे. आधीचा साम्राज्यनिष्ठ इंग्रज आणि नंतरचा आयरिश बंडखोर, आणि या दोघांच्या मध्ये कुठेतरी एक न उलगडणारे परिवर्तन. ही मांडणी सोयीची आहे. पुरावा मात्र वेगळे सांगतो. त्याच्या कादंबरीतली निष्ठा त्याने मरेपर्यंत सोडली नाही. स्वतः पाहिलेल्या आणि मोजलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा, सरकार ऐकत नसेल तर स्वतः पुढे व्हायचे, आणि बलाढ्याशी गाठ पडली तर त्याला उथळ पाण्यात ओढायचे, एवढीच त्याची रीत होती. ही रीत त्याने कधी ब्रिटनसाठी वापरली, कधी ब्रिटनविरुद्ध. आणखी एक गोष्ट त्याच्या चरित्रातून पुढे येते, ती जास्त जिव्हारी लागणारी आहे. ज्या संशयाच्या वातावरणाला त्याच्या कादंबरीने नकळत हातभार लावला, त्याच संशयाने शेवटी त्याचा घास घेतला.

चिल्डर्स हे आडनाव आपल्याकडच्या पाली भाषेच्या अभ्यासकांना वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. अर्स्किनचे वडील रॉबर्ट सीझर चिल्डर्स सिलोनच्या मुलकी सेवेत होते. तिथे त्यांना पालीची गोडी लागली आणि इंग्लंडला परतल्यावर त्यांनी पाली भाषेचा मोठा कोश सिद्ध केला. कोश १८७५ मध्ये पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचा अंत झाला. आईलाही तोच आजार जडलेला होता. संसर्गाच्या भीतीने तिला मुलांपासून दूर ठेवण्यात आले. मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. पाच भावंडे आयर्लंडमध्ये, विकलो परगण्यातल्या ग्लेंडालोक हाउस या आजोळच्या वाड्यात, बार्टन कुटुंबात वाढली. अर्स्किन तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याचे शिक्षण मात्र पक्के इंग्रजी झाले : एकेकाळी ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी जिथे घडत त्या हेलिबरीत शाळा, मग केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि १८९५ पासून कॉमन्सच्या कचेरीतली नोकरी. सुट्ट्यांत घर म्हणजे विकलोचे डोंगर, कामाच्या दिवसांत घर म्हणजे लंडन. तो आयरिश की इंग्रज, हा पुढे त्याच्या जिवावर बेतलेला प्रश्न त्याच्या बालपणातच रुजलेला होता, आणि त्या पिढीच्या अँग्लो-आयरिश घरांत ते काही नवलाचे नव्हते.

कचेरीतल्या या शांत, चष्मेवाल्या, किंचित लंगडणाऱ्या माणसाला एकच व्यसन होते, शिडाच्या होडीचे. १८९७ मध्ये त्याने 'व्हिक्सन' नावाची एक जुनी होडी घेतली. मुळात ती जीवरक्षक नौका होती, तिचे रूपांतर करून शिडाची होडी केलेली. दिसायला बेढब, पण उथळ पाण्यात चालणारी. त्या वर्षीच्या शरद ऋतूत तो तिच्यातून जर्मनीच्या किनाऱ्याला लागून असलेल्या फ्रीजियन बेटांच्या मागून बाल्टिक समुद्रापर्यंत जाऊन आला. वाटेत भाऊ हेन्रीही सोबतीला होता. बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधला तो पट्टा भरतीला समुद्र असतो आणि ओहोटीला मैलोगणती उघडी वाळू. कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला दांडे उघडे पडावेत तसा तो प्रदेश, पण त्याच्या शेकडो पटींनी मोठा, आणि त्यातून पाण्याच्या अरुंद वाटा नागमोडी गेलेल्या. चिल्डर्सने प्रवासाची रोजनिशी ठेवली. कादंबरीतला वारा, चिखल, धुके आणि वाळूत रुतलेला नांगर हे सगळे तिच्यातूनच आले.

कादंबरी लिहून होण्याआधी बोअर युद्ध आले. १९०० च्या सुरुवातीला लंडन शहराने उभारलेल्या स्वयंसेवक दलात चिल्डर्स तोफखान्याच्या घोडेगाडीचा चालक म्हणून भरती झाला. अधिकारीपद त्याने मागितले नव्हते. घोड्यांची निगा राखत, साध्या शिपायासारखा तो दक्षिण आफ्रिकेच्या माळावर वावरला. तिथून त्याने घरी पाठवलेल्या पत्रांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले आणि वाचकांना आवडले. पुढे 'द टाइम्स'ने या युद्धाचा बहुखंडी इतिहास काढला, त्याचा गनिमी युद्धावरचा पाचवा खंड चिल्डर्सने लिहिला. मूठभर शेतकरी, घोडा आणि बंदूक एवढ्या बळावर, जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याला दोन वर्षे कसे झुलवत ठेवतात, याचा त्याने कागदोपत्री, तारीखवार अभ्यास केला. त्यातून त्याने तलवार-भाल्यांच्या घोडदळाविरुद्ध दोन पुस्तके लिहिली, आणि त्यांपैकी पहिल्याला या युद्धातले सरसेनापती राहिलेल्या खुद्द लॉर्ड रॉबर्ट्स यांनी प्रस्तावना दिली. म्हणजे ज्या काळात तो साम्राज्याचा निष्ठावंत मानला जातो, त्याच काळात साम्राज्य कुठे आणि का हरते, हा त्याच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता.

कादंबरीमागे एक प्रत्यक्ष भीती होती. १८९८ आणि १९०० या वर्षांत जर्मनीने नौदल वाढवण्याचे कायदे केले. जर्मन नौदलाचा प्रमुख मंत्री टिर्पिट्झ याच्या देखरेखीखाली युद्धनौका बांधल्या जाऊ लागल्या, आणि ब्रिटनचे नौदलतळ तर बहुतेक दक्षिणेला, फ्रान्सच्या समोर. उत्तर समुद्राच्या बाजूचा किनारा जवळपास उघडा होता. चिल्डर्सने या स्थितीची गोष्ट केली. परराष्ट्र खात्यातला ऐटबाज तरुण कॅरथर्स याला डेव्हिस या जुन्या ओळखीच्या माणसाचे पत्र येते : बाल्टिकमध्ये शिडाच्या होडीवर सुट्टीला ये, आणि येताना होकायंत्र, शिडाच्या दोरखंडांचे स्क्रू, बंदुकीची काडतुसे आणि एक विशिष्ट बनावटीचा स्टोव्ह घेऊन ये. कॅरथर्सला वाटते गणवेशातले खलाशी असलेली मोठी नौका असेल. निघते ती 'डल्सिबेला' नावाची दमट, अडचणीची होडी. डॉलमन नावाच्या माणसाने आपल्याला वादळात मुद्दाम चुकीच्या वाटेने नेऊन बुडवायचा प्रयत्न केला, असे डेव्हिसचे म्हणणे असते. डॉलमन वावरतो जर्मन म्हणून, पण डेव्हिसची खात्री असते की हा इंग्रज आहे. उलगडत जाते ते असे की तो ब्रिटिश नौदलातून बाहेर पडलेला अधिकारी आहे आणि जर्मनांना मदत करतो आहे. बेटांमागच्या उथळ खाड्यांतून सपाट तळाचे पडाव भरून इंग्लंडवर सैन्य उतरवण्याची तयारी चाललेली आहे.

या कादंबरीचे सामर्थ्य कळण्यासाठी तिच्यातला एक प्रसंग पुरतो. दाट धुक्यात, शत्रूला सुगावा लागू न देता, दोघे एका छोट्या डिंगीतून मेमर्ट बेटाकडे वल्हवत निघतात. समोर काहीही दिसत नाही. कॅरथर्स पाठीमागे न पाहता सतत वल्ही मारतो, डेव्हिस गुडघ्यांत होकायंत्र आणि हातात घड्याळ घेऊन बसतो आणि काठीने पाण्याची खोली चाचपत राहतो. भरती कधी लागली, प्रवाह कोणत्या अंगाने ओढतो आहे, वाळूची कड कुठे वळली, एवढ्यावर तो कित्येक मैलांची वाट काढतो आणि नेमका बेटाला लागतो. ना पाठलाग, ना गोळीबार. वाचकाच्या मांडीवर पुस्तकातलाच सागरी नकाशा असतो आणि त्यावर बोट ठेवून तो त्या डिंगीबरोबर जातो. ज्ञान हेच शस्त्र, आणि ते कष्टाने मिळवलेले, ही कल्पना हेरकथेत इतक्या ताकदीने प्रथम इथे आली. पुढे एरिक अँब्लर आणि जॉन ल कारे यांनी सामान्य माणसाला आणि कंटाळवाण्या तपशिलाला हेरकथेत जी प्रतिष्ठा दिली, तिची मुळे या धुक्यात आहेत.

या पुस्तकाने ब्रिटिश संरक्षणनीती बदलली असे सर्रास लिहिले जाते. तो दावा तपासून घ्यायला हवा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर रोसिथला नौदलतळ उभारायचा निर्णय पुस्तक निघण्याच्या थोडा आधी, मार्च १९०३ मध्येच जाहीर झालेला होता, आणि पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या टिपणात त्याची नोंदही आहे. नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाने कादंबरीतली आक्रमणाची योजना तपासली आणि ती अव्यवहार्य ठरवली. तेव्हा तळ कादंबरीमुळे झाला असे म्हणता येत नाही. पण एखाद्या पुस्तकाचा परिणाम केवळ सरकारी ठरावांत शोधायचा नसतो. जर्मनीकडून धोका आहे ही गोष्ट त्या वेळी मंत्रालयांच्या टिपणांत होती. चिल्डर्सने ती आगगाडीत कादंबरी वाचणाऱ्या माणसाच्या मनात उतरवली. शिवाय त्याचा सूर संयत होता. त्याच्या पुस्तकात जर्मन लोकांविषयी द्वेष नाही. डेव्हिसला जर्मन सम्राटाविषयी आदरच वाटतो, आणि राग येतो तो आपल्या झोपलेल्या सरकारचा.

त्याच्या मागून आलेल्यांनी हा संयम सोडला. विल्यम ल क्यू याची जर्मन आक्रमणाची कादंबरी १९०६ मध्ये 'डेली मेल'मध्ये क्रमशः छापून आली. १९०९ मध्ये त्याने कैसरच्या हेरांवर पुस्तक लिहिले, आणि घाबरलेले वाचक शेजारच्या जर्मन न्हाव्यावर आणि वेटरवर संशय घेणारी पत्रे त्याला पाठवू लागले. ती पत्रे संरक्षण समितीपुढे पुरावा म्हणून गेली. त्याच वर्षी ब्रिटनने गुप्तचर विभाग स्थापन केला, ज्यातून पुढे एमआय ५ आणि एमआय ६ निघाले. १९११ मध्ये शासकीय गुपितांचा कडक कायदा घाईघाईने मंजूर झाला. १९१० मध्ये ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी नेमक्या फ्रीजियन किनाऱ्यावर टेहळणी करताना जर्मनांच्या हाती सापडले. लाइपझिगच्या न्यायालयात चिल्डर्सच्या कादंबरीचा विषय निघाला, तेव्हा ब्रँडनने ती तीनदा वाचल्याचे सांगितले. दोघांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. कल्पित हेरकथा आणि खरी हेरगिरी यांच्यातली रेघ इतकी पुसट झाली होती. आपल्यातच कुणीतरी डॉलमन आहे, अशी शंका घेण्याची सवय एका सबंध पिढीला लागली.

चिल्डर्सचे लक्ष तोवर दुसरीकडे वळले होते. १९०३ च्या शरद ऋतूत बॉस्टनला गेला असताना त्याची मेरी ऑल्डन ऑस्गुड, म्हणजे मॉली, हिच्याशी भेट झाली आणि पुढच्या जानेवारीत दोघांचे लग्न झाले. लहानपणीच्या अपघाताने मॉलीचे पाय अधू होते, पण समुद्रावर ती नवऱ्याच्या तोडीस तोड ठरली. सासऱ्यांनी लग्नाची भेट म्हणून नॉर्वेच्या कोलिन आर्चरकडून 'आस्गार्ड' ही नौका बांधवून दिली. १९०८ मध्ये आयर्लंडच्या ग्रामीण भागात फिरून, सहकारी चळवळ पाहून आल्यावर चिल्डर्स होमरूलवादी, म्हणजे आयर्लंडला स्वशासन मिळावे असे मानणारा, झाला. टिळकांनी १९१६ मध्ये ज्या होमरूलची मागणी आपल्याकडे उचलली तिचे मूळ ठिकाण हेच. १९१० मध्ये त्याने नोकरी सोडली आणि १९११ मध्ये आयर्लंडला कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर स्वराज्य द्यावे असे सविस्तर पुस्तक लिहिले. बोअरांना पराभवानंतर काही वर्षांतच स्वशासन देऊन ब्रिटनने त्यांना आपलेसे केले, हे त्याने पाहिले होते. दक्षिण आफ्रिकेत जे शहाणपण सुचले ते शेजारच्या बेटात का सुचू नये, हा त्याचा प्रश्न होता. या टप्प्यावर त्याला साम्राज्य मोडायचे नव्हते. ते स्वखुशीने एकत्र राहणाऱ्या देशांचे व्हावे, एवढेच त्याला हवे होते.

हा प्रश्न कायद्याने सुटेल हा त्याचा विश्वास एप्रिल १९१४ मध्ये डळमळला. होमरूलला विरोध करणाऱ्या अल्स्टरच्या स्वयंसेवकांनी लार्न बंदरात सुमारे २५,००० बंदुका उतरवल्या आणि लंडनच्या सरकारने कुणालाही हात लावला नाही. त्यावर ॲलिस स्टॉपफर्ड ग्रीन, रॉजर केसमेंट, मेरी स्प्रिंग राइस अशा मंडळींनी लंडनमध्ये वर्गणी गोळा केली. चिल्डर्स आणि डॅरेल फिगिस यांनी हॅम्बुर्गला जाऊन १,५०० जुन्या माउझर बंदुका विकत घेतल्या. जुलैमध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ भर समुद्रात रात्रभर खपून एका टगवरून ९०० बंदुका आणि काडतुसांच्या पेट्या 'आस्गार्ड'वर चढवल्या गेल्या. उरलेल्या दुसऱ्या नौकेवर गेल्या. केबिनमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही, बंदुकांच्या थरावर गाद्या टाकून माणसे झोपली. नौकेवर चिल्डर्स, मॉली, मेरी स्प्रिंग राइस, एक ब्रिटिश लष्करी अधिकारी मित्र आणि डोनेगलचे दोन कोळी, बस. वाटेत ब्रिटिश आरमाराच्या जहाजांमधून त्यांना जावे लागले. २६ जुलै १९१४, रविवार, दुपारी डब्लिनजवळच्या होथ बंदराबाहेर खूण सांगायला येणारी मोटारबोट आलीच नाही. ठरल्याप्रमाणे मेरी स्प्रिंग राइस लाल झगा घालून डेकवर उभी राहिली, मॉलीने सुकाणू धरले आणि नौका धक्क्याला लावली. वाट पाहणाऱ्या स्वयंसेवकांनी अर्ध्या तासात बंदुका उतरवून घेतल्या. त्या संध्याकाळी डब्लिनच्या बॅचलर्स वॉकवर सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या आणि त्यात चार माणसांचा बळी गेला. अल्स्टरला एक न्याय आणि दक्षिणेला दुसरा, हे आता रक्ताने लिहिले गेले.

त्यानंतर जेमतेम नऊ दिवसांनी ब्रिटन महायुद्धात उतरला आणि चिल्डर्स ब्रिटिश नौदलात दाखल झाला. दोन तुकड्यांचे चरित्र सांगणाऱ्यांची इथे सर्वाधिक अडचण होते, आणि आक्षेपही इथेच येतो : जर्मनीतून बंदुका आणणारा माणूस महिन्याभरात जर्मनीविरुद्ध लढायला जातो, तेव्हा त्याच्या निष्ठेला काही बूड आहे की नाही? मला यात विसंगती दिसत नाही. बंदुका आणल्या तेव्हा दोन्ही देशांत शांतता होती आणि अल्स्टरच्या बंदुकाही जर्मनीतूनच आल्या होत्या. युद्ध पुकारले गेले ते बेल्जियमसारख्या लहान राष्ट्राच्या रक्षणाच्या नावाने, आणि लहान राष्ट्रांचा हक्क हेच तर त्याचे म्हणणे होते. फ्रीजियन किनाऱ्याची त्याच्याइतकी माहिती नौदलात क्वचितच कुणाला होती. २५ डिसेंबर १९१४ रोजी ब्रिटिश समुद्री विमानांनी कुक्सहाफेनजवळच्या झेपलिन तळावर हल्ल्याचा प्रयत्न केला, तेव्हा ४४ वर्षांचा चिल्डर्स एका विमानात निरीक्षक म्हणून बसला होता. कादंबरीत ज्या वाळूच्या वाटा त्याने वल्ह्याने मोजल्या, त्या आता तो वरून पाहत होता. पुढे गॅलिपोली आणि इजिप्त झाले, १९१७ मध्ये शौर्यपदक मिळाले.

एप्रिल १९१६ मध्ये डब्लिनमध्ये उठाव झाला आणि त्यात होथच्या बंदुका वाजल्या. उठाव चिरडल्यावर डब्लिन आणि कॉर्कमध्ये पंधरा नेत्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ऑगस्टमध्ये वर्गणी-समितीतला सहकारी केसमेंट लंडनमध्ये फासावर गेला. १९१७-१८ मध्ये आयरिश प्रश्नावर तडजोड काढण्यासाठी भरलेल्या परिषदेच्या सचिवालयात चिल्डर्सने काम केले. ती परिषद फसली आणि सरकारने आयर्लंडवर सक्तीची लष्करभरती लादण्याचा घाट घातला. लहान राष्ट्रांसाठी लढतो म्हणणारे सरकार शेजारच्या लहान राष्ट्राशी काय करते, हे त्याने गणवेशात राहून पाहिले. मार्च १९१९ मध्ये मेजरच्या हुद्द्यावरून मोकळा झाल्यावर तो बायको-मुलांसह डब्लिनला गेला आणि स्वतंत्र प्रजासत्ताकाच्या बाजूने उभा राहिला. ब्रिटिश फौजांच्या अत्याचारांवरचे त्याचे लेख लंडनच्या 'डेली न्यूज'मध्ये छापून आले. ठिकाण, वेळ, साक्ष अशी प्रत्येक गोष्ट पारखून लिहिलेले. १९२१ मध्ये तो आयरिश संसदेचा सदस्य आणि प्रचारविभागाचा प्रमुख झाला. हे त्याचे कार्य बंदुकीइतकेच परिणामकारक ठरले, कारण इंग्रज वाचकाला काय पटते हे तो आतून जाणत होता.

ऑक्टोबर १९२१ मध्ये आयरिश शिष्टमंडळ लंडनला वाटाघाटींसाठी गेले, तेव्हा चिल्डर्स त्याचा मुख्य सचिव होता. शिष्टमंडळात आर्थर ग्रिफिथ, मायकेल कॉलिन्स आणि चिल्डर्सचा मामेभाऊ रॉबर्ट बार्टन होते. चर्चेत बहुतेकांचे लक्ष राजनिष्ठेच्या शपथेवर होते. चिल्डर्सची नजर बंदरांवर खिळली. ब्रिटनला आयर्लंडमधली तीन बंदरे नौदलासाठी हवी होती. परक्याचे आरमार आपल्या बंदरात असेल तर ब्रिटनच्या प्रत्येक युद्धात आपण ओढले जाऊ, मग स्वातंत्र्याला अर्थ काय, हे तो टिपणांमागून टिपणे लिहून सांगत राहिला. किनारा कुणाच्या ताब्यात यावर राष्ट्राचे भवितव्य ठरते, हा १९०३ च्या कादंबरीचाच विचार. ६ डिसेंबरला करार झाला, बार्टननेही सही केली, आणि ७ जानेवारी १९२२ रोजी आयरिश संसदेने ६४ विरुद्ध ५७ मतांनी तो स्वीकारला. ती बंदरे पुढे १९३८ मध्ये आयर्लंडला परत मिळाली आणि त्यामुळेच दुसऱ्या महायुद्धात तो देश तटस्थ राहू शकला. बंदरांचे महत्त्व चिल्डर्सने बरोबर ओळखले होते. पण करारातून हळूहळू पूर्ण स्वातंत्र्याकडे जाता येईल हे कॉलिन्सचे म्हणणेही त्याच घटनेने खरे ठरवले, आणि ते चिल्डर्सने कधी मान्य केले नाही. त्याच्या हट्टीपणाचा हा दोष झाकण्यात अर्थ नाही.

करारावरच्या भांडणात त्याच्याविषयीचा संशय उघड झाला. ग्रिफिथ त्याला पहिल्यापासून पाण्यात पाहत होता. जानेवारीत भर सभागृहात चिल्डर्स प्रश्न विचारायला उभा राहिला, तेव्हा कुठल्याही इंग्रजाला मी उत्तर देणार नाही, असे शिवी हासडून ग्रिफिथने सांगितले. हा माणूस ब्रिटिश गुप्तचर खात्याचा आहे, आयर्लंडमध्ये यादवी माजवण्यासाठी पेरलेला आहे, अशी कुजबुज आधीपासून होतीच. तिचा एक आधार उघड होता : हेरकथा लिहिणारा, ब्रिटिश नौदलाच्या मोहिमांत वावरलेला, इंग्रजी उच्चाराचा माणूस. कादंबरीतला डॉलमन ज्या मापाने ओळखला गेला त्याच मापाने त्याचा निर्माता मोजला जात होता. आपला म्हणवतो पण आपल्यासारखा बोलत नाही. मग तो शत्रूचाच असणार.

जूनअखेर करार मानणारे सरकार आणि तो नाकारणारे प्रजासत्ताकवादी यांच्यात यादवी युद्ध पेटले. चिल्डर्स प्रजासत्ताकवाद्यांबरोबर दक्षिणेत गेला आणि कॉर्क-केरीच्या डोंगरांत छापखाना इकडून तिकडे हलवत त्यांचे वृत्तपत्र काढत राहिला. प्रत्यक्ष लढाईत त्याचा वाटा नगण्य होता. बंडखोर सेनानी त्याचा सल्लाही फारसा घेत नसत. सरकारने मात्र त्याला साऱ्या विध्वंसाचा सूत्रधार ठरवले, आणि गृहमंत्री केव्हिन ओ'हिगिन्सने संसदेत त्याच्यावर तारयंत्रणा उद्ध्वस्त केल्याचा ठपका ठेवला. ऑगस्टमध्ये ग्रिफिथ वारला आणि दहा दिवसांनी कॉलिन्स चकमकीत मारला गेला. सरकार हादरले. सप्टेंबरअखेर लष्करी न्यायालयांना मृत्युदंडाचा अधिकार मिळाला. परवान्याविना शस्त्र बाळगणेही त्यात आले. १० नोव्हेंबरला, प्रजासत्ताकवाद्यांचा नेता डी व्हॅलेरा याला भेटायला जात असताना, चिल्डर्स ग्लेंडालोक हाउसमध्ये, ज्या घरात तो लहानाचा मोठा झाला तिथेच, पकडला गेला. जवळ एक छोटे स्पॅनिश पिस्तूल मिळाले. मैत्रीच्या दिवसांत ते त्याला मायकेल कॉलिन्सने भेट दिले होते.

१७ नोव्हेंबरला बंद दाराआड खटला चालला. आरोप एकच, पिस्तूल बाळगल्याचा. त्याच दिवशी त्याच कायद्याखाली चार अगदी कोवळ्या, अनोळखी तरुणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याविषयी संसदेत विचारले गेले, तेव्हा ओ'हिगिन्सच्या उत्तराचा आशय असा होता : सुरुवात एखाद्या नामांकित नेत्यापासून केली असती, तर तो पुढारी किंवा इंग्रज म्हणून मेला असे सामान्य पोरांना वाटले असते. रोख कुणाकडे होता हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळले. चिल्डर्सच्या वकिलांनी न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीशांनी हस्तक्षेप नाकारला. त्यावरचे अपील अनिर्णित असतानाच २४ तारखेच्या सकाळी त्याला बराकीच्या आवारात नेले. आदल्या भेटीत त्याने सोळा वर्षांच्या थोरल्या मुलाकडून वचन घेतले होते की माझ्या मृत्युदंडाच्या आदेशावर सह्या करणाऱ्या प्रत्येकाशी तू हस्तांदोलन करशील. गोळीबार पथकातल्या प्रत्येक सैनिकाचा हात त्याने स्वतः हातात घेतला आणि त्यांना एक-दोन पावले पुढे या, म्हणजे सोपे जाईल, असे सांगितले.

सरकारची बाजू मांडणारे म्हणतात की कायदा सर्वांना सारखा होता, शस्त्र सापडले हे खरे होते, आणि तान्ह्या राज्याचा जीव धोक्यात होता. यातले शेवटचे विधान मला मान्य आहे. त्या हिवाळ्यात राज्य टिकेल की नाही हे कुणीच सांगू शकत नव्हते, आणि चिल्डर्सच्या लेखणीने लढाई लांबवायला मदत केली हेही खरे. पण अपिलाचा निकाल येईपर्यंत थांबायला काही दिवस पुरेसे होते, आणि मंत्री आरोपीच्या वंशाचा उल्लेख करतो तेव्हा खटला पिस्तुलाचा उरत नाही. या मृत्यूने युद्ध थांबलेही नाही. दोन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, एका संसद सदस्याच्या हत्येचा बदला म्हणून चार कैदी नेत्यांना खटल्याविना मारण्यात आले; त्यांतला रोरी ओ'कॉनर हा ओ'हिगिन्सच्या लग्नात त्याचा करवला होता. यादवीतल्या अशा सरकारी मृत्युदंडांचा नेहमी सांगितला जाणारा आकडा ७७ आहे. ओ'हिगिन्सचा स्वतःचा खून १९२७ मध्ये झाला.

चिल्डर्स पकडला गेल्याची बातमी आली तेव्हा डंडीच्या प्रचारसभेत चर्चिलने त्याला खुनशी फितूर म्हटले. १९१४ मध्ये हाच चर्चिल नौदलमंत्री होता आणि चिल्डर्स त्याच्या नौदलासाठी जर्मन किनाऱ्यावर उडाला होता. चिल्डर्सच्या कादंबरीत मात्र फितुराची वेगळी गत आहे. डेव्हिस आणि कॅरथर्स डॉलमनला पकडतात, पण त्याला सरकारच्या ताब्यात देऊन बरबाद करायचे नाही असे ठरवतात. परतीच्या वाटेवर तोच रात्री समुद्रात नाहीसा होतो. आपल्या खलनायकाला लेखकाने दाखवली एवढी दया लेखकाच्या वाट्याला दोन्ही देशांत आली नाही.

मुलाने वडिलांना दिलेला शब्द पाळला आणि राजकारणात आला. २५ जून १९७३ रोजी अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स आयर्लंडचा चौथा राष्ट्राध्यक्ष झाला. 'आस्गार्ड' नौका आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात, कॉलिन्सचे नाव दिलेल्या बराकीत, जतन केलेली आहे, आणि कादंबरी अजून छापली जाते. चिल्डर्स ब्रिटिश हेर होता हे सिद्ध करणारा एकही विश्वासार्ह कागद शंभर वर्षांत पुढे आलेला नाही. त्याच्या चुका त्याच्या नावे जरूर मांडाव्यात. हा आळ मात्र त्याच्या चरित्रातून आता कायमचा पुसला पाहिजे.